पाणी 'पाळी'नं येतं का 'आवर्तना'नं?

जुई_सातरस्ता:
पाणी वापर संस्थांसाठी एक छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करायचं काम चाललंय. कालव्याच्या पाण्याचं वाटप, अर्ज कसा भरायचा, पाणीपट्टी वगैरे. त्यात पानापानावर 'रोटेशन' येतं. मी सरळ 'पाळी' लिहिलं, कारण आजोळी माढ्याकडं लहानपणापासून तेच ऐकलंय, "आपली पाळी कधीय", "औंदा पाळी चुकली". तपासणाऱ्या सरांनी सगळीकडं काट मारून 'आवर्तन' केलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले पेपरात आवर्तनच असतं, आणि मग जरा चाचरत, की पुस्तिका महिला सभासदांच्या हातात पण जाणार, "पाळी लांबल्यास काय करावे" असं शीर्षक बरं दिसत नाही. हसावं का रडावं कळेना. तुमच्याकडं गावात कोण 'आवर्तन' म्हणतं का? आणि ह्या शीर्षकाचं काय करू? शुक्रवारी द्यायचंय.

टेलचा_शेतकरी:
आमच्याकडं मंगळवेढ्यात दोन्ही म्हणत नाहीत. "कालवा सुटला" म्हणतात. आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला असल्यामुळं बहुतेक वेळा "सुटलाय म्हणं" एवढंच म्हणतात.

दीर्घ_ऊकार:
सर बरोबर आहेत. आवर्तन हा नेमका आणि प्रमाण शब्द आहे, 'वृत्' धातूपासून, फिरून फिरून येणं. पाळी हा बोलीतला, शिवाय अनेकार्थी. सरकारी पुस्तिकेत एका संज्ञेला एकच शब्द हवा. गावात काय म्हणतात ह्यावर परिभाषा ठरवायला लागलो तर दर पाच कोसांवर नवीन पुस्तिका छापावी लागेल.

नवीपेठ_वाला:
छापा की मग, काय बिघडलं बे.
पाळी काय फक्त बाईची आणि पाण्याची असती होय? आमच्या घरात पाळी म्हणजे मिलची. वडील जुन्या मिलमध्ये, पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. भोंगा झाला की "पाळी सुटली" म्हणायचे. आख्खं सोलापूर पाळीवर जेवायचं आणि झोपायचं, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही. आई माझी सगळ्यांसमोर म्हणायची "ह्यांची पाळी बदलली".

हुरडा_पार्टी:
माझ्या मते खरी अडचण बायकांच्या पाळीची नाहीच, कुळवाच्या पाळीची आहे. रान नांगरलं की त्यावर कुळवाच्या पाळ्या घालतात ना. "दोन पाळ्या घातल्या" म्हणलं की आमच्याकडं पहिल्यांदा कुळवच डोळ्यासमोर येतो. आता पुस्तिकेत कुणी लिहिलं "पेरणीआधी एक पाळी द्यावी", तर शेतकऱ्यानं पाणी द्यायचं का कुळव फिरवायचा? ह्याच्यासाठी शेतीच्या पुस्तकात 'पाणीपाळी' असा जोडून शब्द वापरतात, ज्वारीला अमुक पाणीपाळ्या, गव्हाला तमुक. तो घ्या, बायकांचा पण प्रश्न मिटला, कुळवाचा पण.

गेंट्याल_चौक:
ह्या पाळीचं मूळ कानडी असणार. कानडीत पण पाळीच म्हणतात, शिफ्टला सुद्धा, नंबरला सुद्धा. आमच्या तेलुगूत 'वंतु'. आमची आज्जी नळावर भांडताना तिन्ही शब्द वापरायची, समोर कोण आहे बघून.

दीर्घ_ऊकार:
कानडी नव्हे. संस्कृत 'पालि', म्हणजे कड, ओळ, रांग. कानाची पाळी तीच. ओळीनं येणारा क्रम म्हणून पाळी.

नवीपेठ_वाला:
म्हणजे पाळी पण संस्कृतच निघाली की. मग मघाशी बोलीतला म्हणून का हाकलत होता?

दीर्घ_ऊकार:
तद्भव आणि तत्सम ह्यात फरक असतो. आणि मूळ संस्कृत आहे म्हणून शब्द परिभाषेला चालतोच असं नाही.

निवृत्त_कालवा:
मी ह्या खात्यात नोकरी काढली, आधी पाटबंधारे म्हणायचे मग जलसंपदा झालं, काम तेच. इथं सगळे दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजून भांडायला लागलेत म्हणून लिहितो, जरा लांबेल. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, मंत्री आमदार असतात, धरणात साठा किती, पिण्याला आणि उद्योगाला राखून किती, उन्हानं उडून किती जाणार हे वजा करून शेतीला काय उरतं ते बघतात आणि ठरवतात की रब्बीत कालवा एकदा सोडायचा का दोनदा, उन्हाळ्यात सोडायचा का नाही. ते आवर्तन. ते आख्ख्या कालव्याचं असतं, कुणा एका शेतकऱ्याचं नसतं. मग मुख्य कालव्यातनं वितरिका, लघुवितरिका, शेवटी शेतचारी असं पाणी उतरतं, आणि त्या चारीवर ज्यांनी नमुना सात, म्हणजे पाण्याचा अर्ज, भरून दिलाय त्यांना मंजूर क्षेत्र आणि पीक बघून कुणाला कधी किती वेळ हे लावून दिलेलं असतं. ती पाळी. त्या यादीला शेजपाळी म्हणतात. आवर्तन महिनाभर चालेल, त्यात तुझी पाळी एका रात्रीची असेल. गाडी सुटली म्हणजे तुझं स्टेशन आलं असं नसतं. त्यामुळं ताई, इंग्रजी पुस्तिकेत 'रोटेशन' दोन्हीला वापरलं असणार, तुम्हाला प्रत्येक ठिकाणी बघून ठरवावं लागेल. "पाळी लांबल्यास" आणि "आवर्तन लांबल्यास" ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन वेगळ्या टेबलांवर जातात.

टेलचा_शेतकरी:
हे बरोबर सांगितलं. आणि म्हणूनच पेपरातला 'आवर्तन' शब्द आमच्या कामाचा नाही. पेपरात येतं आवर्तन पूर्ण झालं. झालं असेल. माझी पाळी आलीच नाही ना पण. पाळी शब्द काढून टाकला तर ही तक्रार कुठल्या शब्दात लिहू?

जुई_सातरस्ता:
@निवृत्त_कालवा काका, खूप उपयोग झाला. खरंच मूळ मजकुरात दोन्हीला एकच शब्द आहे. एक विचारू का, शेजपाळीतलं 'शेज' म्हणजे काय? तळटीप द्यायचीय.

निवृत्त_कालवा:
शेज म्हणजे शेजारचं. एकाचं झालं की त्याच्या शेजारच्याचं.

हुरडा_पार्टी:
आमच्या चुलत्यांचं म्हणणं वेगळं. पाणी कायम रात्रीच येणार, म्हणून शेज सोडून उठून जायची ती शेजपाळी 😄 त्यांच्या आयुष्याला तरी हीच व्युत्पत्ती लागू पडते.

दीर्घ_ऊकार:
लोकव्युत्पत्ती. आवडली तरी खोटी.

नवीपेठ_वाला:
पंजाब हरयाणात वारबंदी म्हणतात ना. वार म्हणजे आपला सोमवार मंगळवार का?

निवृत्त_कालवा:
वार म्हणजे तिथं पण पाळीच, बंदी म्हणजे बांधून दिलेली. पण पद्धत वेगळी. तिथं जमिनीच्या प्रमाणात वेळ ठरलेली, मग तुम्ही काही पेरा. आपल्याकडं शेजपाळीत पीक आणि मंजूर क्षेत्र बघतात, त्यामुळं ऊसवाल्याचं आणि ज्वारीवाल्याचं गणित सारखं नसतं. आता २००५ च्या कायद्यानं संस्थेला पाणी घनमापानं मोजून द्यायचं आणि आत वाटप संस्थेनं करायचं असं आहे, त्यामुळं पाळी कुणी लावायची हेच बदललं. पुस्तिका त्याच्यासाठीच असेल ना.

चंद्रभागा_वाळवंट:
मग आषाढीला उजनी धरणातनं चंद्रभागेत सोडतात त्याला काय म्हणायचं? ते पण आवर्तन का?

निवृत्त_कालवा:
नाही. नदीत सोडलं तर विसर्ग. कालव्यात सोडलं तर आवर्तन.

गेंट्याल_चौक:
असं काय नाही हो. सोलापूर शहराला प्यायला म्हणून भीमेतनं औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडतात तेव्हा पण पेपरात "सोलापूरसाठी आवर्तन" असंच छापून येतं की. ते तर नदीतनंच येतं. आम्ही तर त्या बातमीची वाटच बघत असतो, नळाला किती दिवसाआड येणार ते त्यावर.

निवृत्त_कालवा:
पेपरवाले काही पण लिहितात.

गेंट्याल_चौक:
मघाशी सर म्हणले पेपरात आहे म्हणून बरोबर, आता तुम्ही म्हणता पेपरात आहे म्हणून चूक. शब्दाचा न्याय कुणाकडं मागायचा मग.

नवीपेठ_वाला:
पेपरवरनं आठवलं. "उजनी मायनसमध्ये" हे काय प्रकरण आहे? धरण उणे कसं असेल? पाणी शून्याच्या खाली जातं म्हणजे काय जमिनीत शिरतं? माझा पोरगा विचारायलाय, मला उत्तर देता येईना.

निवृत्त_कालवा:
उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, मावतं. त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचा, नेहमीच्या वापरात न धरलेला, आणि ५३ च्या वर उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्तची. उपयुक्त संपला की शून्य टक्के, आणि त्याच्या खालचं मृतसाठ्यातलं वापरायला लागले की उणे. उणे पन्नास म्हणजे मृतसाठ्यातलं साधारण सत्तावीस टीएमसी गेलं, तरी छत्तीसच्या आसपास धरणात असतंच. २०२४ च्या उन्हाळ्यात उणे पन्नासच्या पण खाली गेलं होतं.

टेलचा_शेतकरी:
मेलेला साठा आख्ख्या जिल्ह्याला जगवतो आणि नाव मृतसाठा. हा शब्द कुणी काढला त्याला एकदा मे महिन्यात इकडं आणा.

दीर्घ_ऊकार:
इंग्रजीचं शब्दशः भाषांतर आहे, म्हणूनच वाईट. 'अचल साठा' असा चांगला शब्द उपलब्ध आहे, वापरत कोणी नाही.

हुरडा_पार्टी:
अचल पण चूकच की, दर उन्हाळ्यात चालायलाय तो.

जुई_सातरस्ता:
शीर्षकाचं कुणी सांगता का? "पाणीपाळी लांबल्यास" असं केलं तर चालेल?

नवीपेठ_वाला:
चालेल की. बरं ते 'लाभक्षेत्र' पण मला कधी कळलं नाही. कुणाचा लाभ?

टेलचा_शेतकरी:
सातबाऱ्यावर "पुनर्वसनासाठी राखीव" असा शेरा पडला की समजायचं आपण लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याच्या पाण्याखालच्या रानात आहोत. लाभ म्हणजे तो शेरा. शेरा असेपर्यंत जमीन विकता येत नाही, आणि पाण्याचं वर सांगितलंच. गावात लाभक्षेत्र कोणी म्हणत नाही, "आमचं रान कमांडमध्ये हाय" म्हणतात. कमांड बरोबर शब्द आहे, वरून हुकूम सुटतो आणि आपण ऐकायचं.

दीर्घ_ऊकार:
शेरा धरणग्रस्तांना जमीन देण्यासाठी असतो, तो तुमच्याविरुद्ध कट नाही. ज्यांची गावं यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात गेली त्यांना विचारा लाभ म्हणजे काय.

टेलचा_शेतकरी:
त्यांच्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. शब्दाबद्दल बोलायलोय.

गेंट्याल_चौक:
मी लहानपणी 'काडा ऑफिस' म्हणजे काढा मिळायचं ठिकाण समजायचो. लाभक्षेत्र विकास प्राधिकरण हे पूर्ण नाव नोकरीला लागल्यावर कळलं.

चंद्रभागा_वाळवंट:
पाळी आवर्तन सगळं राहू द्या, आपल्याकडं सगळ्यात चांगला शब्द आहे 'बारी'. दर्शनाची बारी. बारीत उभं राहिलं की नंबर येतोच, पुढं कोण मागं कोण सगळ्यांना दिसतं. पाण्याला पण बारी म्हणा.

नगरी_बागायतदार:
आमच्याकडं नगरला आहेच की, "बारं देणं". पिकाला बारं दिलं म्हणजे पाणी दिलं. तीन बारी दिली की गहू येतो.

हुरडा_पार्टी:
ते बारं वेगळं. ते आमचं 'दारं'. आमच्याकडं दारं धरायला जातात. सरीचं तोंड फोडायचं, भरली की बुजवायचं, पुढचं फोडायचं. दार उघडल्यासारखं, म्हणून दारं. तुमचं बारं त्याचंच रूप असणार, 'द्वार' पासून एकीकडं दार झालं आणि एकीकडं बार. गुजरातीत दाराला बारणुं म्हणतात बघा.

चंद्रभागा_वाळवंट:
उलट. बारं हे बारीपासून. बारी म्हणजे पाळी. तीन बारी दिली म्हणजे तीन पाळ्या दिल्या. तुम्ही दाराकडनं आलात, मी रांगेकडनं.

दीर्घ_ऊकार:
दोन्हीला पुरावा द्या. जुन्या कोशात बघितल्याशिवाय असं काही पण जोडू नका.

हुरडा_पार्टी:
पुरावा रानात आहे, कोशवाल्यानं कधी दारं धरलं होतं का.

निवृत्त_कालवा:
ताई, नमुना सातच्या भागात एक राहून गेलं. रब्बी १५ ऑक्टोबर ते २८ फेब्रुवारी, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. बऱ्याच पुस्तिकांत उन्हाळी हंगाम फेब्रुवारीपासून छापलेला बघितलाय, आणि मग लोक उशिरा का लवकर ह्यावरनं भांडतात. तेवढं तपासून घ्या.

जुई_सातरस्ता:
घेते काका. सरांना तुमचा आवर्तन-पाळीचा फरक पाठवला होता. ते म्हणतायत फरक मान्य, पण मग शेतकऱ्याच्या वाट्याला 'उप-आवर्तन' लिहा.

टेलचा_शेतकरी:
🙏

नवीपेठ_वाला:
उप-आवर्तन 😂 चारीला पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला जाऊन म्हणा, "मामा, माझं उप-आवर्तन कधी?" चारीत ढकलून देईल.

दीर्घ_ऊकार:
उप-आवर्तन मलाही पटत नाही. पण पाळी तर नाहीच.

चंद्रभागा_वाळवंट:
@नगरी_बागायतदार एक सांगा, तुम्ही "माझं बारं आलं" असं म्हणता का, का फक्त "बारं दिलं"? 'आलं' म्हणत असाल तर ती बारी, नुसतं 'दिलं' म्हणत असाल तर हुरडा म्हणतायत ते दार.

नगरी_बागायतदार:
आम्ही "बारं धरलं" म्हणतो.