जिम्नीला 12000 पाऊंडचा विंच कशाला?

मुळशीकर:
विंच म्हणजे गाडीच्या पुढे लावलेलं, दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, त्याची ओढ पाऊंडात सांगतात. परवा एकाने इथे लिहिलं, "जिम्नी असो नाहीतर थार, डोळे झाकून 12000 पाऊंडचा विंच घ्या, प्रश्नच मिटला." दोन दिवस गप्प बसलो पण आता राहवत नाही, कारण नवीन पोरं असलं वाचून पैसे घालवतात. विंचची ओढ गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट असावी असा नियम आहे. जिम्नीचं भरलेलं वजन 1545 किलो, त्याची दीडपट 2318 किलो, म्हणजे 5100 पाऊंड. आणि 12000 म्हणजे जवळपास साडेपाच टन! स्टील दोरासकट तो विंचच 35-40 किलोचा, त्यात लोखंडी बंपर, आणि सगळं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकणार. गेल्या जुलैत वेल्ह्याच्या बाजूला माझ्या मित्राची अशीच गाडी ओढ्यात उतरताना आधी नाकावर बसली, मागून मी साध्या गाडीने त्याच वाटेने उतरलो.
आणि छापलेला आकडा ड्रमवरच्या (दोर गुंडाळायच्या रिळावरच्या) पहिल्या थराचा असतो. दोर थरावर थर गुंडाळलेला असला की ओढ कमी होते, चौथ्या थरावर 9500 चा विंच साधारण साडेपाच-सहा हजारच ओढतो. हे कुठलाच दुकानदार सांगत नाही.

घाटवाट:
दीडपटीचा नियम कागदावर छान दिसतो. चिखलात चाकाच्या मध्यापर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, त्याच्याही वर गेली तर तिप्पट. तुमच्याच जिम्नीची तिप्पट करा, 10200 पाऊंड होतात, आणि वर चढ असला तर तो वेगळाच. भोरच्या पलीकडे भातखाचराच्या बांधाला माझी थार पोटावर बसली होती, वरून धो धो पाऊस, सोबत बायको आणि पोरगी, तेव्हा माझा 9500 चा विंच नुसता घरघरला आणि थांबला. शेवटी गावातल्या दादांनी ट्रॅक्टर आणून काढली. त्या रात्रीनंतर मी 12000 लावला आणि अजिबात पश्चात्ताप नाही.

मुळशीकर:
दादा, स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोराची पुली, होती का जवळ? दोर झाडाला लावलेल्या पुलीतून फिरवून परत गाडीला अडकवला की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो, आणि दोर जास्त सुटल्याने तुम्ही खालच्या थरावर येता तो फायदा वेगळा. ती पुली दोन-तीन किलोची असते हो.

घाटवाट:
नव्हती. पण अंधारात गुडघाभर चिखलात एकट्याने पुली लावून बघा, मग बोला.

रत्नांग्रीकर:
क्षमतेवर भांडताय आणि दोर कुठला ते कुणी विचारतच नाही! स्टीलचा दोर तुटला की चाबकासारखा येतो, आमच्याकडे एकाच्या बॉनेटवर आलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, तिथे माणूस असता तर? सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचा दोर, सात-आठ किलोने हलका, हाताला काटे लागत नाहीत. स्टील लावून फिरणाऱ्यांसोबत मी ट्रेलला जातच नाही.

घाटवाट:
आणि जांभ्याच्या कडेवर सिंथेटिक घासला की काय होतं ते कोकणातल्या माणसाने मला सांगावं? एका सीझनमध्ये माझ्या दोराचा कापूस झाला. उन्हाने कडक होतो, वाळू आत शिरते. ज्या विंचचा ब्रेक दोराच्या ड्रमच्याच आत असतो, त्यावर गाडी उतरवत खाली सोडली की ड्रम तापतो, आणि हा दोर साधारण दीडशे अंशाला वितळतो.

रत्नांग्रीकर:
म्हणून तर दोरावर स्लीव्ह (जाड आवरण) घालायची, गोड्या पाण्याने धुवायचा, दोर बाहेर येतो तिथला रोलर काढून गुळगुळीत फेअरलीड (दोराचं तोंड) लावायचा! जुन्या रोलरवर स्टीलने पाडलेल्या खाचा असतात, त्यानेच तुमचा दोर फाटला असणार. काळजी घ्यायची नाही आणि दोष दोराला. तुमच्यासारख्यांमुळेच लोक घाबरतात.

घाटवाट:
"तुमच्यासारख्या" म्हणजे काय? पंधरा वर्षं सह्याद्रीत गाडी चालवतोय, धुणं-पुसणं मला शिकवू नका.

झाडवाली:
भांडा खुशाल, पण दोर स्टीलचा असो की सिंथेटिक, झाडाला तसाच गुंडाळू नका. ताम्हिणीच्या बाजूला एका आईनाची साल सगळीकडून सोललेली दिसली, ते झाड आता जगणार नाही. तीन इंची रुंद पट्टा मिळतो, तो विंचसोबतच घ्या. मी हे प्रत्येक धाग्यावर लिहिते, लिहीतच राहणार.

मुळशीकर:
पट्ट्याचं शंभर टक्के बरोबर. आणि मोठ्या विंचवाल्यांनी बॅटरीचाही विचार करावा, पूर्ण ओढीला 400 अँपिअरच्या आसपास करंट जातो, बॅटरी भरणारा जिम्नीचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही नाही. दहा मिनिटं दाबून धरलात तर विंचही बंद आणि गाडीही बंद. गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेतल्या गाड्या बघून लोक आकडे ठरवतात, त्यांच्या बॅटऱ्या, चॅसी, सगळंच वेगळं असतं.

घाटवाट:
बॅटरीचं मान्य, माझी एकदा बसलीये. जिम्नीला 12000 जड होतो हेही एकवेळ मान्य करतो, तिला 8000 आणि पुली पुरे. पण थारला भरून सव्वादोन टन धरलं तर चिखलात तिला साडेचार टन सहज लागतात, आणि चौथ्या थराचा हिशोब तुम्हीच मांडलात. त्या हिशोबाने 9500 अपुराच पडतो, 12000 निदान खालच्या थरावर तरी पुरतो. तो मी काढणार नाही.

मुळशीकर:
नका काढू. थारचं चॅसी ते पेलतं, तिथे माझं भांडण नाही, जिम्नीवाल्यांना तोच आकडा सांगू नका एवढंच. पण पुढच्या ट्रेलला पुली गाडीत असू द्या. कशी लावायची ते उजेडात मुळशीला या, मी दाखवतो.

रत्नांग्रीकर:
आणि येताना तो रोलर बदलून या.