वेगासला (नाहीतर गोव्याला) तुम्हाला कोणी कसं गंडवलं? अनुभव सांगा

मोठे भाऊ-वहिनी पुढच्या महिन्यात लेकाकडे अमेरिकेला चाललेत, तिकडून तीन दिवस लास वेगास. यावल तालुक्यातले केळीवाले, व्यवहाराला पक्के, व्यापाऱ्याने वजनात कटती लावली की लगेच आवाज चढतो, पण तिकडे इंग्रजीत आवाज चढवायचा कसा हा प्रॉब्लेम आहे. म्हणून खान्देशातले जे जाऊन आले त्यांनी इथे लिहा. लाजू नका, सुरुवात मीच करतो.

2018. संध्याकाळी स्ट्रिपवर, म्हणजे त्या मोठमोठ्या हॉटेलांच्या रस्त्यावर फिरत होतो, एक पोरगा हसत आला, कुठले म्हणे, इंडिया म्हटल्यावर 'नमस्ते' आणि हातात सीडीच ठेवली, माझी गाणी आहेत, फुकट घे. नाव विचारलं. मी आपला कौतुकाने स्पेलिंग सांगत बसलो, त्याने मार्करने सीडीवर नाव लिहिलं आणि म्हणे वीस डॉलर. परत द्यायला गेलो तर म्हणे तुझ्या नावाची सीडी आता मी कोणाला विकू? तोवर त्याचे दोन दोस्त बाजूला येऊन उभे. दहा देऊन सुटलो. घरात सीडी प्लेअर नाहीच, ती आता बाजरीत पाखरं हाकलायला दोरीला टांगलीये. नाव अजून वाचता येतं.

धुळे
आमचं मिकी माऊसचा वेश घातलेल्या माणसाने केलं. पोरगा पळत जाऊन त्याला चिकटला, मी फोटो काढेपर्यंत बाजूने पिसांच्या मुकुटवाल्या दोन बायका फ्रेममध्ये घुसल्या, मग तिघांनी वेगवेगळे हात पुढे केले. सासूबाई मोठ्याने, "हाऊ उंदीर बी पैसा मांगस का वं?" टिप आपल्या मर्जीची असते, त्यांचा ठरलेला रेट वगैरे काही नसतो हे भाच्याने रात्री हॉटेलवर सांगितलं. जुन्या वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर तर अशा लोकांना उभं राहायला जमिनीवर गोल आखून दिलेत, तिथे निदान लांबून कळतं.

भुसावळ
रेल्वेत जन्म गेला, तीन पत्तीवाले मला नवे नाहीत भो. पण पुलावर (रस्ता ओलांडायला वरून पूल आहेत) खोक्यावर तीन पत्ते फिरवणारा दिसला आणि पाय थांबलेच. राणी ओळखायची. पत्तेवाल्याने मान वळवली तेवढ्यात गर्दीतल्या एकाने राणीचा कोपरा हळूच दुमडला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. म्हणजे मी आता त्याच्या कटात! नवखा इथेच मरतो, कारण त्याला वाटतं फसवतोय तो आपण. पत्ते फिरवता फिरवता पत्तेवाला राणीचा कोपरा बोटाने सरळ करतो आणि दुसऱ्या पत्त्याचा दुमडतो, डोळा मारणारा त्याचाच माणूस असतो. माझ्या समोर एका चिनी की कोरियन बाबाचे शंभर गेले. मी काही बोललो नाही, त्याचं वाईट आजही वाटतं. 2024 पासून त्या पुलांवर थांबायलाच बंदी केलीये म्हणतात, बरं झालं.

नंदुरबार
रात्री दोनला रूमचा फोन वाजला. रिसेप्शनमधून बोलतोय, सिस्टीम बंद पडलीये, कार्ड नंबर परत सांगा. आमच्या ह्यांनी झोपेत निम्मा सांगितला होता, मी फोन ओढून ठेवला. खाली जाऊन विचारलं तर कोणीच केला नव्हता. दाराखालून सरकवलेल्या पिझ्झाच्या कागदाचंही तसंच, त्या नंबरवर कार्ड देऊ नका.

जळगाव
मी सराफ बाजारात हिशेब लिहितो, मला रस्त्यावरच्यांपेक्षा आतल्यांचं जास्त वाटतं. ब्लॅकजॅकच्या (पत्त्यांची बेरीज 21 करायचा जुगार) टेबलावर बारीक लिहिलेलं असतं, 3 ला 2 की 6 ला 5. पहिल्यात दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक लागला तर पंधरा मिळतात, दुसऱ्यात बारा. खेळ तोच, घट वेगळी! रूलेटला (फिरत्या चाकात गोळी टाकतात तो जुगार) दोन शून्यं धरून 38 घरं आणि नंबर लागला तर देणार पस्तीस पट. काही टेबलांवर आता तिसरं शून्यही आलंय. ही काही फसवणूक नाही, सगळं लिहूनच ठेवलेलं असतं, म्हणून तर पोलिसही बोलावता येत नाही.

अमळनेर
वेगास नाही, गोवा. कळंगुटला स्कूटरवरच्या जोडप्याने स्क्रॅच कार्ड दिलं, माझं काहीच नाही, बायकोला 'पहिलं बक्षीस'. (पहिलंच लागतं बहुतेक सगळ्यांना.) बक्षीस घ्यायला रिसॉर्टवर नेलं आणि तीन तास टाइमशेअर, म्हणजे आत्ता पैसे भरा आणि रिसॉर्ट वापरा वर्षाला एक आठवडा, कार्ड स्वाइप करा, आजच, साहेबांना बोलावतो, डिस्काउंट काढतो. पोरं रडायला लागली म्हणून सुटलो. शेवटी बक्षीस दिलं, कुठल्यातरी हॉटेलचं कूपन, जेवण आणि टॅक्स आपलाच. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोवर जाणार असाल तर एन्ट्री काउंटरवरच घ्या, आणि पॅकेजमध्ये 'इतक्याचे चिप्स (जुगारात पैशाऐवजी लावायच्या चकत्या) फ्री' म्हणतात त्यातले वन टाइम प्लेवाले कॅश होत नाहीत, फक्त लावता येतात, हे आधी विचारा. आमच्या मित्राने ते खिशात जपून ठेवले होते निघताना मोडायला.

धुळे (परत मीच)
टॅक्सीचं राहिलं. वेगासच्या एअरपोर्टवरून स्ट्रिपला झोनप्रमाणे ठरलेला दर आहे, बसायच्या आधी विचारा. आणि मीटरने जात असाल तेव्हा ड्रायव्हर "टनेलने जाऊ का" म्हणाला तर नाही म्हणा. लांबून जातो तो.