तांब्याचा ‘ळ’ कानात घालायचाय, पण आकडा कशाचा?

अळूवडी:

नमस्कार मंडळी. मी मूळची सटाण्याची, सध्या नाशकात इंटिरियर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेज रोडजवळ पीजीत राहते. प्रश्न कानातल्यांचा आहे. आधी थोडं पाल्हाळ लावते, सहन करा.

मागच्या सेमिस्टरला असाइनमेंट होती, देवनागरी अक्षरातून एखादी वस्तू करायची. अर्ध्या वर्गाने ‘श्री’ घेतला. मी ‘ळ’ घेतला, कारण तो एकाच तारेत होतो. वर शिरोरेषा, मधून खाली उतरलं की डावीकडे एक वेटोळं, उजवीकडे दुसरं, कुठे तोडायला नको की जोडायला नको. शिरोरेषेत आकडा, म्हणजे कानाच्या भोकातून जाणारी वाकवलेली तार, अडकवायची आयती सोय. शिवाय आरशात बघा नाहीतर सेल्फी काढा, ‘ळ’ उलटा झाला तरी फार बिघडत नाही. ‘क’चं तसं करून बघा, डाव्या कानातला क आणि उजव्या कानातला क यांचं भांडण लागतं!

तार तांब्याची घेतली. भांडी बाजारात एका काकांकडे घंगाळांवरचं हातोडीच्या ठोक्यांचं मठारकाम बघत उभी होते, तेव्हा वाटलं, हे कानात का नाही? काकांनी हातोडी दाखवली, तिचं तोंड आरशासारखं घासलेलं होतं. म्हणाले, ‘हातोडीवर एक चरा असला तर तो प्रत्येक ठोक्याला तांब्यावर उमटणार.’ तेव्हापासून मी हातोडी पॉलिश पेपरने घासून फडक्यात गुंडाळून ठेवते, मैत्रिणी हसतात. ठोकलं की तार चपटी होते आणि उजेडात मस्त चमकते. ठोकून ठोकून कडक झाली की लाल होईपर्यंत तापवायची आणि पाण्यात सोडायची, पुन्हा मऊ. पीजीच्या काकूंनी गॅसची परवानगी दिली आहे. ठोकाठोकी मात्र गच्चीवर, दुपारची झोप झाल्यावर आणि दिवेलागणीच्या आत.

दोन्ही कानांतले सारखे यावेत म्हणून लाकडी फळीवर खिळे मारून साचा केलाय. आता २७ फेब्रुवारीला कॉलेजात मराठी भाषा गौरव दिनाचे स्टॉल आहेत. कुसुमाग्रजांच्या गावात त्या दिवशी ‘ळ’ खपला नाही तर कधी खपणार?

अडलंय ते आकड्यांपाशी. बाजारात पाकिटात मिळतात ते ‘अँटी-अ‍ॅलर्जिक’ आकडे लावून रूममेटला एक जोडी दिली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या कानाच्या पाळ्या लाल, मग पाणी यायला लागलं. ती बिचारी काही बोलत नाही, पण स्टॉलवरून अनोळखी मुलींना असं काही विकायचं माझ्याच्याने होणार नाही.

तर, आकडा कोणत्या धातूचा घेऊ, नाशकात कुठे, आणि जोडीची किंमत दीडशेच्या आसपास राहील का? त्याहून महाग आमच्या कॉलेजात कोणी घेत नाही, वडापावचा हिशेब करतात.

जाता जाता, याच ‘ळ’ची पुस्तकात ठेवायची खूण केली तर कशी वाटेल?

सराफबाजारची सून:

अळूवडी, अगं तुझं पाल्हाळ आवडलं. आमच्या सासऱ्यांचं दहीपुलाजवळ छोटं दुकान होतं, आता नाही. पण त्या घरात मी एवढी वर्षं काढली की कान बघून सांगते, कोणाला काय सोसणार नाही.

आमच्याकडे साधा नियम होता. दागिना कशाचाही असो, कानाच्या भोकातून जाते ती तार चांदीची नाहीतर सोन्याची. बाहेर लोंबतं त्याने क्वचितच त्रास होतो, सगळी कटकट त्या अर्ध्या इंचाची. म्हणून तांबं तांब्याच्या जागी राहू दे, फक्त आकडा चांदीचा कर.

महाग पडेल म्हणून दचकू नकोस. आकड्याला साधारण साडेचार सेंटिमीटर तार लागते, म्हणजे जोडीला नऊ. ०.८ मिलिमीटर जाडीच्या नऊ सेंटिमीटर चांदीच्या तारेचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरतं. त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव बघायचा आणि निम्मा करायचा. तयार आकडे मागितलेस तर घडणावळ लावतील आणि तिथेच तुझे दीडशे संपतील. तार माग, आकडे स्वतः वळव. तुझ्या हाताला ‘ळ’ वळतो, त्याला आकडा काय अवघड?

९२.५ ची माग, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. शुद्ध चांदी घेतलीस तर फार मऊ, केसांत अडकली की आकडा उघडा पडतो आणि कानातलं रिक्षात राहतं. ९२.५ मध्ये उरलेलं बहुतेक तांबंच असतं, त्याने ती तग धरते. वळवून झालं की वरच्या वळणावर हलक्या हाताने दोन-चार ठोके दे. कानात जाणाऱ्या टोकाला मात्र हातोडी लावू नकोस, तिथे तार गोलच हवी. टोक बारीक कानशीने गोल कर आणि स्वतःच्या गालावरून फिरवून बघ. गालाला टोचलं तर कानाला टोचणारच.

डाग द्यायच्या, म्हणजे तापवून सांधा जोडायच्या, भानगडीत पडू नकोस, कडीत कडी अडकव. आणि लग्नसराईत, त्यातही संध्याकाळी, सराफ बाजारात जाऊ नकोस. अर्ध्या मीटर तारेसाठी तुझ्याकडे कोणी मान वर करून बघणार नाही. सकाळी दुकान उघडून पूजा-बिजा झाली की जा आणि मोठ्या पाटीच्या दुकानांपेक्षा आतल्या गल्लीतल्या कारागिराला विचार. बिल घेच.

रूममेटला सांग, पाळ्या पूर्ण सुकेपर्यंत काही घालू नकोस. आमच्या लहानपणी नव्या भोकात कडुनिंबाची काडी घालायचे, धातू नंतर. पाणी थांबलं नाही तर मात्र डॉक्टरकडे, घरगुती लेप नकोत.

रसायन टीवाय:

काकूंनी उपाय सांगितला, मी कारण सांगतो. हे बहुतेक निकेलचं काम आहे. स्वस्त आकड्यांवर सोनेरी-चंदेरी मुलामा असतो आणि त्याखाली बऱ्याचदा निकेलचा थर. मुलामा घासला गेला की घामात निकेल सुटतं. रिअ‍ॅक्शन लगेच येत नाही, एखाद-दोन दिवसांनी येते, म्हणून लोक आदल्या दिवशीच्या साबणाला दोष देतात. आणि निकेलची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, त्यामुळे ‘हळूहळू सवय होईल’ हा सल्ला ऐकू नकोस.

‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून विकतात त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. ऑक्सिडाइज्ड झुमके बरेच त्याचेच. सर्जिकल स्टीलमध्ये, म्हणजे ३१६एलमध्ये, दहा ते चौदा टक्के निकेल असतं, पण ते घट्ट धरून ठेवलेलं असतं, म्हणून बहुतेकांना चालतं. ज्यांना आधीच अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी टायटॅनियम उत्तम.

मजा म्हणजे हे तपासता येतं. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला निकेलचं एस्टिमेशन केलेल्यांना डायमिथाइलग्लायॉक्सीम आठवत असेल, निकेलला भेटलं की पडतो तो लालभडक साका. तेच इथे. कापसाच्या काडीवर त्याचं द्रावण आणि थोडा अमोनिया घेऊन आकड्यावर अर्धा मिनिट घासायचं. काडी गुलाबी झाली की निकेल सुटतंय. तुमच्या कॉलेजात सायन्स असेल तर लॅबवाल्या सरांना गोड बोलून पाकिटातला एक आकडा तपासून घे. तो गुलाबी बोळा स्टॉलवर ठेवलास तर जाहिरातच.

तांब्याने मान किंवा कानामागे हिरवं झालं तर घाबरायचं नाही, घामाशी संयोग होऊन क्षार तयार होतात, धुतलं की जातं. चिंचेने नाहीतर लिंबू-मिठाने लखलखीत करून, धुऊन, पूर्ण कोरडं करून मेणाचा पातळ हात दे. जुनाट काळपट छटा हवी असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून कानातल्यांसोबत बंद डब्यात ठेव, अंड्यातल्या गंधकाने काम होतं. पीजीत अंडं चालतं का ते तुझं तू बघ.

वाइंडिंगवाला, सातपूर:

ताई, तांब्याची तार कुठून घेता ते लिहिलं नाही. सातपूर-अंबडला मोटार वाइंडिंगची दुकानं पुष्कळ, बरेच विद्यार्थी आमच्याकडून तार नेतात प्रोजेक्टला. पण वाइंडिंगच्या तारेवर इनॅमल असतं. दिसायला छान तांबूस, पण ते इन्शुलेशन आहे. गॅसवर धरली की जळतं आणि धूर वाईट येतो, खोलीत तर अजिबात नको. कानातल्याला इलेक्ट्रिकलच्या दुकानातून उघडी अर्थिंगची तार घ्या, नाहीतर आमच्याकडची पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून घ्या, वेळ जाईल.

दुसरं, गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. यूट्यूबवर अमेरिकन बाई २० गेज म्हणते ती ०.८ मिलिमीटर. आपल्याकडे दुकानदार बोलतो ते एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, त्यात २० म्हणजे ०.९१. तिची २० ती आपली २१. कानाच्या भोकाला एवढाही फरक जाणवतो. दुकानात गेज बोलूच नका, मिलिमीटर बोला. व्हर्निअर नसेल तर पेन्सिलीवर दहा वेढे शेजारी शेजारी घट्ट मारा आणि पट्टीने मोजा. आठ मिलिमीटर भरले की ०.८ ची तार.

बाकी ते मठारकाम भारी भो, फोटो टाका.

पंचवटीची वाचक:

पुस्तकखुणेबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. कृपा करून तांबं पुस्तकात ठेवू नका. दमट हवेत त्यावर हिरवट थर धरतो आणि तो कागदाला खातो. जुन्या हस्तलिखितांत तांब्याच्या हिरव्या रंगाने पानं जाळीसारखी झालेली असतात. वर तुमचं मठारकाम, म्हणजे पानावर कायमचा वळ. स्वतःचं पुस्तक असेल तर तुमची मर्जी, पण सार्वजनिक वाचनालयाचं असेल तर हात जोडते. १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं, श्रावणातल्या ओलीत तिथली पुस्तकं आधीच काय काय सोसतात.

त्याऐवजी कानातली ज्या कार्डावर टोचून विकाल ते कार्डच लांबट, जाड कागदाचं करा. वर दोन भोकं, खाली तुमच्या हाताने काढलेला मोठा ‘ळ’. कानातली कानात, कार्ड पुस्तकात. दोन बारीक भोकांनी पुस्तकाचं काही बिघडत नाही.

आणि दीडशेवर अडू नका. एवढी ठोकाठोक करून दीडशे? तुमचा वेळ कोणी मोजायचा?

अळूवडी:

बाप रे, एवढं सगळं! सराफबाजार काकू, तुम्हाला काकू म्हटलं तर चालेल ना? तार आणली, ९२.५ ची. आतल्या गल्लीतल्या दादांनी आधी ‘एवढीशी?’ म्हणून बघितलं, मग आकड्याचं वळण कसं हवं ते स्वतःच कागदावर काढून दिलं. टोक गालावरून फिरवून बघते आहे, मैत्रिणींना वाटतं माझं काहीतरी बिनसलंय.

वाइंडिंगवाले दादा, माझी तार इनॅमलवालीच निघाली. आता अर्थिंगची घेतली आहे. ती जाड आहे, पण शिरोरेषा ठसठशीत येते, उलट बरंच झालं.

कार्डाची कल्पना सरळ उचलली. लॅबवाले सर म्हणाले, ‘इंटिरियरवाल्यांना निकेल कशाला हवंय?’ आणि मग स्वतःच बाटली काढली. पाकिटातल्या आकड्याने बोळा गुलाबी केला. चांदीच्या तारेने नाही केला.

किंमत एकशे ऐंशी ठेवतेय. वाचकताई, वेळ धरून हिशेब केला तर आकडा असा आला की तो मी इथे लिहीत नाही.

आता नवीन भानगड. वर्गातल्या एकीला ‘ण’ हवाय, तिच्या आडनावात आहे म्हणे. ‘ण’ला दोन काने, एकाच तारेत कसा बसवू?

सराफबाजारची सून:

काकूच म्हण. ‘ण’ एका तारेत बसवायचा हट्ट सोड. डावीकडचा भाग आणि शेवटचा काना वेगळ्या तुकड्यांचे कर, शिरोरेषेला पीळ घालून अडकव, डाग नकोच. आणि आरशात तो उलटा दिसणार हे तिला आधीच सांगून ठेव, नाहीतर परत घेऊन येईल. आगाऊ पैसे घे.