चाउशेस्कूने सगळं परकीय कर्ज फेडलं. मग राजवट यशस्वी म्हणायची का?

चौकस
रुमानियाच्या कम्युनिस्ट राजवटीचा प्रमुख निकोलाय चाउशेस्कू याची बाजू घेणारे ठरावीक मुद्दे मांडतात. १९६५ ला सत्तेवर आल्यावर त्याने कारखानदारी वाढवली. १९६८ ला झेकोस्लोव्हाकियावरच्या सोव्हिएत आक्रमणात सैन्य धाडलं नाहीच, उलट जाहीर निषेध केला. बुखारेस्टला मेट्रो दिली. आणि एप्रिल १९८९ मध्ये देशावर परकीय कर्ज उरलं नसल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्याला गोळ्या घातल्या गेल्या, हा भाग वेगळा. तो हुकूमशहा होता यावर वाद नाही. निव्वळ कारभार म्हणून हिशोब मांडायचा तर कुठले आकडे धरायचे आणि कुठले सोडायचे?

जमाखर्च
कर्जाचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल तिथेच होते.

फेडणारा आणि काढणारा माणूस एकच आहे. १९७२ ला रुमानिया आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत गेला आणि सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य कर्जावर पोलाद, पेट्रोरसायनं, तेलशुद्धीकरण असे अवजड प्रकल्प उभे राहिले. स्वतःचं कच्चं तेल १९७६ च्या सुमारास वर्षाला जेमतेम दीड कोटी टनांवर पोचलं आणि तिथून उतरणीला लागलं. शुद्धीकरणाची क्षमता मात्र त्याच्या दुप्पट बांधून ठेवलेली. म्हणजे कारखाने चालवायला तेल विकत आणायचं. १९७९ ला इराणमध्ये क्रांती झाली, तेल भडकलं, पाठोपाठ जागतिक व्याजदर चढले. १९८१ पर्यंत कर्ज १,००० कोटी डॉलरच्या पुढे गेलं आणि हप्ते थकून मुदतवाढ मागायची वेळ आली.

मग फेडलं कसं? आयात तोडून आणि विकता येईल ते बाहेर विकून. यंत्रांचे सुटे भाग, औषधं, पशुखाद्य यांना कात्री लागली. मांस आणि धान्य निर्यातीला गेलं. घरी ब्रेडचं रेशन कित्येक ठिकाणी माणशी दिवसाला ३०० ग्रॅम, साखर-तेल महिन्याच्या मापाने. हिवाळ्यात घरं गारठलेली, वीज केव्हाही जाणार, टीव्ही आठवड्याच्या दिवसांत दोन तास. दुसरीकडे स्लाटिनाचा ॲल्युमिनियमचा कारखाना चालूच. एक टन ॲल्युमिनियम काढायला १५ हजार युनिटच्या आसपास वीज लागते. देश वीज वाचवत होता असं म्हणण्यापेक्षा ती घरांकडून काढून धातूच्या रूपात विकत होता, असं म्हणणं जास्त बरोबर.

याची खरी किंमत नंतर कळली. सुटे भाग आणि नवं तंत्र येणं थांबल्यामुळे कारखाने जुनाट झाले आणि १९९० नंतर त्या मालाला पश्चिमेत गिऱ्हाईक उरलं नाही. म्हणजे ज्या मालमत्तेसाठी कर्ज काढलं, तीच हप्ते भरताना झिजवली. पोलंडवर याच्या कितीतरी पट कर्ज होतं, तेही थकलेलं. १९९१ मध्ये धनको सरकारांनी त्यातलं निम्मं सोडून द्यायचं मान्य केलं. पै न पै चुकवणाऱ्याच्या पदरात काही पडलं नाही! अर्थात १९८२ ला सगळं फेडायचं ठरलं तेव्हा हे कोणालाच दिसण्यासारखं नव्हतं, त्याचा दोष त्याला देता येत नाही.

दोष द्यायचा तो एप्रिल १९८९ नंतरच्या महिन्यांचा. कर्ज फिटलं, तरी रेशन आणि निर्यात तशीच चालू राहिली. वर नवं परकीय कर्ज घ्यायला कायद्यानेच बंदी. काटकसर हे साधन होतं ही सबब तिथे संपते.

आकडेमोड
जमाखर्च यांच्याशी सहमत. चौकस, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: सरकारी उत्पादनाचे आकडे सरळ सोडा. १९८९ चं धान्य उत्पादन ६ कोटी टन जाहीर झालं. प्रत्यक्षात ते २ कोटींच्याही आत होतं. हे एका माणसाच्या खोटेपणाने होत नाही. जिल्ह्याच्या पक्षसचिवाची खुर्ची उद्दिष्टावर टिकते, म्हणून तो शेतावरून आलेला आकडा फुगवतो, वरचा आणखी फुगवतो. पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट त्या फुगलेल्या आकड्यावर ठरतं आणि धान्याची उचलही त्यावरच मागितली जाते. शेवटी तूट पडते ती गावातल्या वाट्यात.

त्यामुळे जिथे खोटं बोलणं अवघड, तिथे बघायचं. व्यापारासाठी समोरच्या देशाची नोंद: रुमानियाने किती निर्यात केली हे रुमानियाला न विचारता पश्चिम जर्मनीच्या आयातीत शोधा. जनगणना. आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी. या खात्यात बनवाबनवी होते, पण प्रेतं धान्यासारखी तिपटीने फुगवता येत नाहीत.

पूर्वपक्ष
पण शहरीकरणाचं काय? १९६६ च्या जनगणनेत ३८ टक्के लोक शहरात होते, १९९२ मध्ये ५४. खेड्यातून आलेल्या कुटुंबांना फ्लॅट आणि पगारी नोकरी मिळाली. ते शून्य कसं धरायचं?

जमाखर्च
शून्य धरू नकाच. पण त्याच काळात स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस हेही गरीब, शेतकी देश होते आणि तेही शहरी झाले. तुलना १९६५ च्या रुमानियाशी केली तर कुणीही पास होतो. ती शेजाऱ्यांशी करा. तसंच ‘बांधलं’ आणि ‘उपयोगी पडलं’ हे वेगळे रकाने ठेवा. डॅन्यूब ते काळा समुद्र हा ६४ किलोमीटरचा कालवा १९८४ ला खुला झाला, पण वाहतूक क्षमतेच्या जवळपासही गेली नाही. मेट्रो मात्र दुसऱ्या रकान्यात घाला, ती रोज लागते.

नोंदवही
एक मोजपट्टी अजून कुणी काढली नाही: त्याचं स्वतःचं उद्दिष्ट. त्याला लोकसंख्या वाढवायची होती, म्हणून ऑक्टोबर १९६६ मध्ये ७७० क्रमांकाच्या हुकमाने गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. गर्भनिरोधकंही मिळेनाशी झाली. १९६६ ला पावणेतीन लाखांच्या आत असलेले जन्म १९६७ ला सव्वापाच लाखांवर गेले. एका वर्षात जवळजवळ दुप्पट! तिथे थांबलं तर धोरण यशस्वी. पण लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि १९८३ ला जन्मदर पुन्हा हजारी १४ वर, म्हणजे बंदीआधी होता तिथेच आला. त्यावर उपाय म्हणून नियम आणखी कडक झाले, कारखान्यांतून बायकांच्या तपासण्या सुरू झाल्या.

जन्म खाली आले, मृत्यू वर गेले. १९८९ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १७० मातांचे मृत्यू, युरोपातला सर्वांत वाईट आकडा, आणि त्यातले बहुतेक चोरून केलेल्या गर्भपातांमुळे. नको असताना जन्मलेली, घरात पोसता न आलेली मुलं सरकारी अनाथालयांत गेली. राजवट पडली तेव्हा तिथे लाखाच्या वर मुलं होती.

धोरणाचाच दोष, की गरिबीचा, हे एरवी सिद्ध करणं कठीण असतं. इथे सोपं आहे. डिसेंबर १९८९ च्या शेवटच्या आठवड्यात बंदी उठली. १९९० मध्ये दवाखाने तेच होते, डॉक्टर तेच होते, देश आदल्या वर्षीइतकाच गरीब होता, आणि मातामृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं.