सेल सेव्हर: बाउल अर्धाच भरतो, धुवणही लाल येतं

प्रश्न (भूलतज्ज्ञ, सिंधुदुर्ग):
खुब्याच्या ऑपरेशनला सेल सेव्हर (जखमेतलं रक्त ओढून, धुवून रुग्णाला परत द्यायचं यंत्र) लावतोय. २२५ मिलीचा बाउल (यात रक्त फिरवून पेशी वेगळ्या करतात नि धुतात), १ लिटर सलाइनमध्ये ३०,००० युनिट हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध). बाउल भरता भरत नाही, धुवणाच्या पिशवीत शेवटपर्यंत लाल रंग, आणि तयार रक्ताचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ३५च्या पुढे जात नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली की कोल्हापूरहून रक्ताची पिशवी यायची नाही, म्हणून हे मार्गी लावायचंय. यंत्र बिघडलंय का?

उत्तर (परफ्युजनिस्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्ताची यंत्रं चालवणारा तंत्रज्ञ, रत्नागिरी):
आधी सक्शनचा काटा बघा. १५० मिमी पाऱ्याच्या आत हवा. भिंतीवरचं सक्शन पूर्ण उघडं ठेवलं की पेशी फुटतात आणि तेच हिमोग्लोबिन धुवणात लाल दिसतं. सर्जनला सांगा, टोक रक्तात बुडवून धरा. वरवर फिरवलं की हवा ओढली जाते, नळीत गुलाबी फेस येतो. तो फेस दिसला की समजायचं, पेशी वाया चालल्यात.

बाउलचं गणित वेगळं. ५५ हिमॅटोक्रिटला २२५ मिली म्हणजे जवळपास १२५ मिली निव्वळ पेशी. रिझर्व्हायरमधलं (ओढलेलं रक्त आधी जमतं त्या भांड्यातलं) रक्त २० हिमॅटोक्रिटचं असेल तर ६००-६५० मिली लागणारच. जखम धुतलेलं पाणी त्यात गेलं की आणखी जास्त. तेवढं जमेपर्यंत बाउलच्या संचाचं पाकीट उघडूच नका. रिझर्व्हायर नि सक्शनची नळी एवढंच लावा, खर्चही वाचतो. अर्ध्या बाउलात पेशींचा थर पातळ राहतो, धुणं कच्चं होतं. हाडाच्या कामात चरबी असते, तेव्हा १ लिटरऐवजी दीड लिटर सलाइनने धुवा.

रक्ताने भिजलेले मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) फेकू नका. सलाइनमध्ये बुडवून हलके दाबा, पिळवटू नका, आणि ते पाणी ओढून घ्या.

उत्तर (भूलतज्ज्ञ, चिपळूण):
हेपारिनचं सलाइन रक्त यायच्या आधी १००-२०० मिली रिझर्व्हायरमध्ये सोडा, मग दर १०० मिली रक्तामागे साधारण १५ मिली. थेंब मंदावले की फिल्टरवर गुठळ्या धरतात आणि बाउल भरत नाही, हेही तपासा.

बेटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, साधं पाणी, ओलं बोन सिमेंट यांना दुसरं सक्शन. इथे कंजुषी नको.

लाइट गेली आणि बाउल मध्येच थांबला तर थर मिसळतात. सगळं रिझर्व्हायरमध्ये परत पाठवून पहिल्यापासून भरा. आपल्याकडच्या जुलैत यूपीएसशिवाय हे यंत्र लावायचं म्हणजे जुगारच.

तयार पिशवीवर नाव, वेळ लिहा. बाहेरच्या तापमानात ४ तासांत द्या. प्रेशर बॅग लावू नका, पिशवीत हवा असते. प्लेटलेट आणि गोठणारे घटक धुवून जातात, म्हणून तीन-चार बाउल झाले की पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघा.

प्रश्नकर्ता:
काटा २८०वर होता! रक्त परत देताना ल्युकोसाइट फिल्टर (पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी) लागेल का?

परफ्युजनिस्ट, रत्नागिरी:
साध्या खुब्याला नाही. ४० मायक्रॉनचा साधा फिल्टर पुरतो. कर्करोगाच्या केसला मात्र ल्युकोसाइट फिल्टरचा विचार करा. त्या फिल्टरने रक्त फार सावकाश उतरतं.