1964 ची कॅडिलॅक: वैकुंठरथ की रुग्णवाहिका? ओळखायचं कसं?

मिरजकर_डेटन
मंडळी, मी ओहायोत डेटनला असतो. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या कोठारात 1964 ची कॅडिलॅक धूळ खात पडली आहे. बॉडी मिलर-मिटिअर कंपनीची, म्हणजे इथून अर्ध्या तासावरच्या पिक्वा गावात बांधलेली. (आपली एसटी दापोडीला लेलँडच्या चॅसिसवर बॉडी चढवते ना, तोच प्रकार. कॅडिलॅक 156 इंची व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) चॅसिस आणि पुढचं तोंड द्यायची, मागचं अख्खं घर हे लोक बांधायचे.)

रंग काळा, पण दाराच्या कडेला नखाने खरवडलं तर खाली पांढरा निघतो. मालक म्हणतो हर्स (वैकुंठरथ), त्याची बायको म्हणते अँब्युलन्स. दोघं माझ्यासमोरच भांडले.

मला घाई आहे, कारण जूनमध्ये आई येतेय. बाबांनी 22 वर्षं मिरजेत मॅटाडोर रुग्णवाहिका चालवली, त्यामुळे अँब्युलन्स असेल तर ती कौतुकाने बघेल. वैकुंठरथ दारात दिसला तर मात्र बॅग न उघडता परत जाईल. तर खात्री कशावरून करू?

जुना_पाना
छताकडे बघून ठरवू नका, सगळे तिथेच फसतात. दिवा काढून भोकं बुजवलेली असतात. किंवा उलट, साध्या हर्सवर कुणीतरी लाल दिवा ठोकलेला असतो, कारण अँब्युलन्सला भाव जास्त येतो.

मागचं दार उघडा, टॉर्च घ्या आणि गुडघ्यावर बसा. तळाला लांबट पट्ट्या असतील, त्यांत रूळ बसवलेले. शवपेटी त्यांच्यावरून सरकते. पट्टीच्या टोकाला बोट घालून उचला. ती उलटी बसली, रूळ खाली गेले आणि वर सपाट तळ आला, तर ती ‘कॉम्बिनेशन’ आहे. सकाळी अंत्ययात्रा, दुपारी अपघात, गाडी एकच. मग बाजूला स्ट्रेचर अडकवायचा हूक शोधा, आणि सोबत्यासाठी घडीची खुर्ची. पडदे पटकन निघणारे असतील तर तीही खूण.

इंजिनाची काळजी नको. 429 घनइंची व्ही-8 त्या साली साध्या कॅडिलॅकलाही होतं, सुटे भाग मिळतात. रडायला लावते ती मागची काच आणि दारांची रबरं. माझी गाडी 1967 ची, बॉडी सुपीरिअर कंपनीची, ओहायोतल्याच लायमा गावची. एका दाराच्या रबरासाठी अकरा महिने थांबलो. काच फुटलेली असेल तर निम्म्या किमतीत मागा.

पुणेरी_शंका
एक मूलभूत शंका. ज्यांचा धंदा मर्तिकाचा, त्यांनीच आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायचं? वाटेत गाडी हळू चालवली तर?

जुना_पाना
हा विनोद इथे साठ वर्षं चालू आहे :) आडवा माणूस मावेल अशी गाडी गावात त्यांच्याकडेच असायची, एवढंच कारण. 1966 च्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालात लिहिलंय की देशातली सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा 12,000 अंत्यविधीवाले चालवतात. तिथूनच या गाड्यांचे दिवस भरले. 1974 ला केंद्राचे निकष आले, ते व्हॅन आणि ट्रकच्या चॅसिसवरच्या डब्यांचे. 1977 ला कॅडिलॅकने चॅसिसही आखूड केली. आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. माझ्या गाडीत मागे वाकून बसा आणि पेशंटची छाती दाबायचा प्रयत्न करा, डोकं छताला लागतं.

ह्यूस्टनवाली_वहिनी
भाऊ, मालक एखादी सुरस कथा सांगायला लागला तर कागद मागा. 2011 च्या जानेवारीत एका लिलावात 1963 ची पोंटियाक नेव्ही अँब्युलन्स ‘केनेडींचा देह हिच्यातून नेला’ म्हणून 1 लाख 20 हजार डॉलरच्या बोलीवर गेली. खरी गाडी 1986 मध्येच चेपून भंगारात काढलेली, त्याचे फोटोही आहेत. पुढच्या वर्षी केनेडींचा देह डॅलसच्या दवाखान्यातून विमानतळावर नेणारी हर्स लिलावात आली, तुमच्यासारखीच 1964 ची मिलर-मिटिअर. तिची बोली 1 लाख 60 हजारांवर थांबली.

मिरजकर_डेटन
आज जाऊन आलो. कथा काही नाही, मालकाला गाडी सासऱ्यांकडून मिळाली एवढंच. पट्टी गंजून घट्ट बसली होती. स्क्रूड्रायव्हर घालून तिसऱ्या झटक्याला सुटली, आणि उलटली! एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत. हूकही सापडला, उंदरांच्या घरट्याखाली. नवरा-बायको दोघंही बरोबर निघाले, पण आता त्यावरूनही वाद चालू आहे.

आईला फोनवर घाबरत सांगितलं. ती म्हणाली, “मग त्यात काय? तुझ्या बाबांच्या मॅटाडोरमधून दवाखान्यात गेलेले सगळे बसूनच परत यायचे की काय?” नारळ फोडायचा आणि तिला मागे बसवायचं नाही, या दोन अटी.

आता नवा घोळ. टेप लावली, तर गाडी 21 फुटांना दोन-तीन इंच कमी. माझं गॅरेज आतून 20. पानासाहेब, तुम्ही दार लावता कसं?

जुना_पाना
लावत नाही. बाहेर राहिलेल्या तोंडावर ताडपत्री टाकतो. शेजारीण दोनदा तक्रार करून गेली, आता नातवंडांना घेऊन बघायला येते.