लिंबू-मोसंबीच्या सालींचं पेय कडू होतंय, मदत हवी आहे

गिरणाकाठ:

नमस्कार मंडळी. आम्ही भडगाव तालुक्यातले, जळगाव जिल्हा. विहिरीजवळ कागदी लिंबाची झाडं आहेत, घरापुरती मोसंबीही आहे. सध्या मृग बहाराची मोसंबी उतरतेय, शेतात माणसं असली की रोज पातेलंभर सरबत लागतं. रस वापरला जातो आणि साली टोपलीने उकिरड्यावर जातात. त्यांचा दरवळ असा असतो की टाकवत नाहीत. आखाजीला नणंदा माहेरी येतील, तेव्हा विकतच्या रंगीत सरबतापेक्षा या सालींचं काही करून द्यावं, असं फार मनात आहे.

अडचण अशी की, साली चिरून पाण्यात उकळते, गाळते, साखर आणि लिंबाचा रस घालते. गरम असताना चव छान लागते. तेच पाणी सकाळचं संध्याकाळी तोंडात धरवत नाही. सासूबाईंनी एक घोट घेतला नि म्हणाल्या, "हाई ते कडू जहर शे!" साखर वाढवून पाहिली, गोडावर कडू ते कडूच.

चहासारखं उकळायला साली वाळवायच्याही आहेत. पत्र्यावर उन्हात टाकल्या तर कडकडीत होतात पण वास उडतो. घरात सुपात ठेवल्या तर मोसंबीच्या जाड सालीला आतून हिरवी बुरशी येते. ती खरवडून साल वापरली तर चालते का?

आणि मुख्य काळजी सासऱ्यांची. त्यांना बीपी आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, साखरही आहे. मोबाईलवर रोज कुणीतरी पाठवतं, सालींचं पाणी प्या, सगळे आजार पळतात. मला तसलं नको. खरंच उपयोग किती आणि कुणी पिऊ नये, हे जाणत्यांनी सांगावं.

पांझरेवरून:

ताई, कडूपणा साखरेने जाणारच नाही. सालीच्या आतल्या पांढऱ्या गरात आणि बियांत लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होईल असा घटक असतो. तो आधी कडू नसतो. आंबट रसाशी गाठ पडली की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, उष्णतेने आणखी लवकर. म्हणून तुमचं पाणी सकाळी गोड, संध्याकाळी कडू.

उकळूच नका. फळ आधी धुऊन कोरडं करा आणि अख्खं असतानाच बारीक किसणीवर फक्त वरचा रंगीत पापुद्रा किसा. पांढरं दिसलं की हात थांबवा. वास सगळा त्या पापुद्र्यातल्या तेलाच्या बारीक पिशव्यांत असतो. तो कीस साखरेत बोटांनी चोळा. साखर ओलसर, पिवळट होते आणि घरभर वास सुटतो. झाकून रात्रभर ठेवा, तेल साखरेत उतरतं. सकाळी गार पाण्यात विरघळवून गाळून घ्या. रस ऐनवेळी पिळा, आधी नाही. पितळ-तांब्याचं भांडं नको, स्टील किंवा चिनी मातीची बरणी घ्या.

पांढऱ्यासकट साली वापरायच्याच असतील तर दोन-तीनदा उकळून पाणी फेकावं लागतं. कडूपणा उतरतो, पण वास आणि क जीवनसत्त्वही त्या पाण्याबरोबर जातं.

केळीचा पट्टा:

बुरशी आलेली साल खरवडून वापरू नका, तिला लागलेल्या सालीही टाका. बुरशीचे धागे आत खोल गेलेले असतात, डोळ्याला दिसतात तेवढेच नसतात. वाळवताना पांढरा गर आधी काढा, पट्ट्या पातळ करा, सावलीत वारा लागेल अशा जागी पातळ कापडाखाली पसरा. आपल्याकडची चैत्र-वैशाखाची कोरडी हवा याच कामाची आहे. पट्टी वाकवली की कट् मोडली पाहिजे, मगच बरणीत.

फवारणीचं लक्षात घ्या. बागेतल्या फळावर फवारणी झालेली असेल, बाजारातल्यावर वर मेणही असतं. धुण्याने वरचं निघतं, आत शोषलेलं औषध निघत नाही. विहिरीजवळच्या न फवारलेल्या झाडाचीच फळं सालीसाठी ठेवा.

आणखी एक. कागदी लिंबाच्या सालीचं तेल हाताला लागून तसंच उन्हात गेलं की कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग बरेच दिवस राहतात. किसल्यावर साबणाने हात धुऊनच शेताकडे निघा. लहान मुलांना तर उन्हात लिंबं पिळू देऊच नका.

दवाखान्याजवळ:

सासऱ्यांबद्दल सांगते. पपनस आणि ग्रेपफ्रूट कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं आणि बीपीच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. ती फळं किंवा त्यांच्या साली त्यांच्या पेयात अजिबात नकोत. लिंबू-मोसंबीचा चिमूटभर कीस ही वेगळी गोष्ट, तरी रोज द्यायचा असेल तर गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवून विचारा. साखर घातलेलं त्यांना नकोच. कीस गार पाण्यात, वर थोडा रस, बस.

उपयोगाचं विचारलंत ते बरं केलंत. मोठ्या पिवळ्या लिंबाच्या कच्च्या सालीत १०० ग्रॅममागे सुमारे १३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, रसाहून जास्त. पण पेल्यात जाणारा कीस दोनेक ग्रॅमचा, म्हणजे तीनेक मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० लागतं. उकळलं तर त्यातलंही कमी होतं. सालीने आजार पळत नाहीत, चवीने पाणी जास्त पोटात जातं. आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा तेही थोडं नाही.

गिरणाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच कीस साखरेत चोळते. शेतात काम करणाऱ्यांना हेच दिलं तर चालेल ना? मीठ किती घालू?

दवाखान्याजवळ:

चालेल. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. साखर मोजताना ती चोळलेलीच घ्या. माप चहाच्या चमच्याचं, मीठ त्याहून जास्त नको. पाणी उकळून गार केलेलं असावं, आणि एका दिवसात संपेल तेवढंच करा.